आधी फाइल बघा, मग लॅपटॉप : हौशी व्हिडिओ संपादनासाठी

लॅपटॉप कोणता घेऊ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक काम देते. तुमच्या फोनवर किंवा कॅमेऱ्यावर काढलेली, तुम्हाला खरोखर कापायची-जोडायची आहे अशी एक फाइल घ्या आणि मीडियाइन्फो नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडा. त्यात दिसणाऱ्या पाच गोष्टी कागदावर उतरवा: कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) कोणता, बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक) ८ की १०, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती राखली) ४:२:० की ४:२:२, बिट रेट (सेकंदाला किती डेटा) किती, आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर आहे की बदलता. हा कागद खिशात नसेल तर दुकानात जाऊ नका आणि सेलच्या जाहिरातीही उघडू नका. विक्रेता तुम्हाला ग्राफिक्स कार्डाचं नाव सांगेल, पडद्याचे हर्ट्झ सांगेल, कीबोर्डखालचे रंगीत दिवे दाखवेल. तुमची फाइल त्या मशीनवर सुरळीत चालेल का, हे मात्र तो सांगणार नाही, कारण ती फाइल त्याने पाहिलेलीच नसते.

मी कुडाळ तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जत्रांमधले दशावताराचे प्रयोग चित्रित करायचे, नीट संपादित करायचे आणि त्या त्या मंडळाला आणि गावाला द्यायचे, हा माझा छंद. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. एक कॅमेरा समोर तिवईवर, दुसरा पेटी-मृदंगवाल्यांच्या बाजूने. उजेड असेल तसा. म्हणजे माझ्या वाट्याला लांबलचक फाइली, दोन कॅमेऱ्यांची जुळणी, अंधारातला दाणेदारपणा आणि मराठी नामावल्या येतात. तुमचं काम लग्नाचं, ट्रेकचं किंवा पाककृतींचं असेल, तरी प्रश्न हेच राहतात, प्रमाण तेवढं बदलतं.

फाइल काय सांगते

कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. काही अंतराने एक पूर्ण चित्र ठेवतो आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहितो. एच.२६४ (२००३) आणि त्यानंतर आलेलं एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५ (२०१३), ही दोन्ही याच पद्धतीची. नुसता व्हिडिओ पाहायचा असेल तर हे सोपं जातं. पण संपादनात आपण सतत मागे-पुढे जातो. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने लावलेल्या पट्टीवर, मधेच कुठेतरी बोट ठेवलं की यंत्राला जवळचं पूर्ण चित्र शोधून तिथून पुढचे सगळे बदल जोडत यावं लागतं. हे काम सर्वसाधारण प्रोसेसरवर टाकलं तर तो घामाघूम होतो. त्यासाठी चिपमध्येच एक वेगळा, याच कामापुरता भाग असतो, त्याला डिकोडर म्हणतात. तुमच्या फाइलचा प्रकार त्या डिकोडरला येत असेल तर मध्यम किमतीचा लॅपटॉपही सरसर चालतो. येत नसेल तर लाखाचं मशीनही अडखळतं. निवडीचा सगळा पाया इथे आहे.

साध्या फोनच्या ८-बिट ४:२:० फाइलींची चिंता करू नका, गेल्या काही वर्षांतलं कुठलंही बरं मशीन त्या उघडतं. १०-बिट ४:२:० एचईव्हीसीसुद्धा आता सगळीकडे चालतं. आयफोन १२ पासून पुढचे फोन एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला पकडणारं चित्रण) चालू असेल तर असंच चित्रण करतात. (तुम्हाला एचडीआरचं काम नसेल तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ते बंद करा. नाहीतर साध्या टाइमलाइनवर रंग फिकट किंवा भडक दिसतात आणि दोष विनाकारण लॅपटॉपच्या पडद्याला जातो.)

खरी अडचण १०-बिट ४:२:२ ची. सोनी ए६७०० सारखे आजचे हौशी कॅमेरे हा पर्याय देतात, आणि रंग सुधारताना तो खूप उपयोगी पडतो. या प्रकारचं एचईव्हीसी इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अंगभूत, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या, ग्राफिक्सला येतं, ॲपलच्या एम१ पासून सगळ्या चिपना येतं, आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेला येतं. आरटीएक्स ४० आणि त्याआधीच्या कार्डांना येत नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या ७००० मालिकेपर्यंतच्या अंगभूत ग्राफिक्सलाही येत नाही. म्हणजे रायझन आणि आरटीएक्स ४०६० असं दणकट वाटणारं मशीन घेऊन सोनीची ४:२:२ फाइल उघडलीत तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर जाईल. त्याच वेळी कार्ड नसलेला साधा इंटेल लॅपटॉप तीच फाइल शांतपणे चालवेल. एच.२६४ मधल्या १०-बिट ४:२:२ फाइलींना तर बहुतेक मशीनांवर हार्डवेअरची मदतच नसते. कॅमेऱ्यात निवड असेल तर त्या टाळा.

गेमिंग लॅपटॉपमध्ये आणखी एक बारकावा असतो. काहींत फक्त मोठं कार्ड वापरायचं असं सेटिंग असतं. ते चालू केलं की इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स बंद होतं आणि त्याबरोबर त्याचा डिकोडरही जातो. संपादन करताना दोन्ही चालू असतील असं पाहा.

कागदावरची शेवटची नोंद फ्रेम रेटची. फोन बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने चित्रण करतो आणि लांब फाइलीत आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो. मृदंगाची थाप आणि वादकाचा हात वेगळे पडायला लागले की समजायचं. कितीही महाग लॅपटॉप घेतला तरी हे सुटत नाही. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या फुकट प्रोग्राममधून फाइल स्थिर फ्रेम रेटची करून घ्या. शक्यतो २५ फ्रेमवरच चित्रण करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ३० वर मंडपातले दिवे लुकलुकताना दिसतात.

नवीन मशीन घेण्याआधी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर प्रॉक्सी करून पाहा, असा माझा आग्रह असतो. प्रॉक्सी म्हणजे मूळ फाइलची कमी रिझोल्यूशनची, कापायला सोपी प्रत. संपादन त्या प्रतीवर होतं आणि शेवटचा एक्सपोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओ, मूळ फाइलीवरून निघतो. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर, केडेनलाइव्ह, सगळ्यांत ही सोय आहे. रात्री प्रॉक्सी करायला लावा आणि सकाळी काम सुरू करा. महिन्याला एखादाच व्हिडिओ करणाऱ्याचे साठ-सत्तर हजार यात वाचू शकतात.

प्रोसेसर : नावापेक्षा शेपूट वाचा

आय५, आय७ पाहून निर्णय घेऊ नका, शेवटची अक्षरं पाहा. आय७-१२५५यू हा १५ वॉटचा, हलक्या लॅपटॉपसाठी केलेला प्रोसेसर आहे. त्यात जोरदार कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) दोनच आहेत, बाकीचे आठ काटकसरीचे. आय५-१२४५०एच हा ४५ वॉटचा, चार जोरदार कोरांचा. अर्ध्या तासाचा एक्सपोर्ट लावला तर पुढे राहतो तो आय५. एच म्हणजे दम टिकवणारा, यू म्हणजे बॅटरी टिकवणारा, एवढं लक्षात ठेवलं तरी हौशी माणसाचं भागतं.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा अंक वाचायचा. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ सालची रचना. ७५३०यू म्हणजे झेन ३. ७६४०एचएस म्हणजे झेन ४. तिन्ही खोक्यांवर मोठ्या अक्षरांत रायझन ५, ७००० मालिका असंच लिहिलेलं असतं आणि तिघांत पिढ्यांचं अंतर असतं. ७५२०यू संपादनासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

ग्राफिक्स कार्ड हवंच का?

कापणं, जोडणं, नावं टाकणं, थोडा रंग, थोडा आवाज, आणि १०८० मध्ये एक्सपोर्ट. एवढंच काम असेल तर वेगळं कार्ड लागत नाही. चांगलं अंगभूत ग्राफिक्स आणि भरपूर रॅम पुरते. कार्डावरचे पैसे पडद्यावर आणि डिस्कवर घाला.

कार्ड लागतं ते जड परिणामांसाठी, आणि माझ्या कामात असा परिणाम म्हणजे नॉइज रिडक्शन. रात्रीच्या जत्रेत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वर चढवावाच लागतो आणि काळोखात मुंग्या दिसू लागतात. त्या काढायचं काम जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्ड करतं आणि त्यासाठी कार्डाची स्वतःची मेमरी लागते. ४ जीबीच्या कार्डावर ४के मध्ये हे करायला गेलं की मेमरी संपल्याचा निरोप येतो. आज घेत असाल तर ६ जीबी किमान, ८ असेल तर उत्तम. आरटीएक्स ४०५० ला ६ जीबी आहे, ४०६० ला ८.

एकाच नावाची कार्डं सारखी नसतात हेही माहीत हवं. आरटीएक्स ४०५० ला निर्माता ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ४०५० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ४०५० यांच्या वेगात मोठा फरक पडतो. कार्डाचे वॉट तपशीलपत्रात लिहिलेले असतात. नसतील तर विचारा, आणि सांगता येत नसेल तर ते मॉडेल सोडा.

दाविंची रिझॉल्व्हचं नॉइज रिडक्शन फुकट आवृत्तीत नाही, स्टुडिओ आवृत्तीत आहे. तिची किंमत २९५ डॉलर, एकदाच भरायची. कार्डाच्या बजेटमध्ये हीही धरा, नाहीतर ज्या कामासाठी कार्ड घेतलं ते कामच करता येणार नाही.

रॅम

१६ जीबी किमान. ४के, दोन कॅमेरे किंवा रिझॉल्व्हमधल्या फ्यूजनसारखे परिणाम असतील तर ३२. ८ जीबीचा विंडोज लॅपटॉप या कामासाठी घेऊ नका.

रॅम मदरबोर्डला डाखलेली आहे की खाच मोकळी आहे, हे विकत घेण्याआधी पक्कं करा. अंगभूत ग्राफिक्सवर काम करणार असाल तर एका १६ च्या काडीपेक्षा ८-८ च्या दोन काड्या चांगल्या. अंगभूत ग्राफिक्स रॅमचाच वापर करतं आणि दोन काड्या असल्या की रस्ता दुप्पट रुंद होतो. आत्ता ८ घेऊ आणि पुढे वाढवू हा सल्ला पूर्वी मीही द्यायचे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले आहेत की आता आधी दोन्ही पर्यायांचा हिशेब करा. पुष्कळदा कारखान्यातूनच जास्त रॅम बसवून आलेलं मॉडेल स्वस्त पडतं.

डिस्क : सगळ्यात कमी विचार इथेच होतो

हिशेब अगदी सोपा आहे. बिट रेटला ८ ने भागा म्हणजे सेकंदाला किती मेगाबाइट ते कळतं. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के फाइल सेकंदाला १२.५ एमबी खाते, मिनिटाला ७५०, तासाला ४५ जीबी. पाच तासांचा प्रयोग २२५ जीबीचा. दोन कॅमेरे असतील तर ४५०. आता ५१२ जीबीचा लॅपटॉप घ्या. विंडोज त्याला ४७६ म्हणून दाखवतं. त्यातली बरीचशी जागा विंडोज, सॉफ्टवेअर आणि कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) यांत जाते. एका रात्रीची जत्राही मावत नाही.

फोनवाल्यांचं गणित हलकं असतं. आयफोन एचईव्हीसीमध्ये ४के ३० फ्रेमला मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो आणि १०८० ला ६० एमबी. पण ४के ६० फ्रेम लावलं की आकडा ४०० वर जातो.

म्हणून माझी मांडणी अशी. लॅपटॉपमध्ये १ टीबी, किंवा ५१२ आणि दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळी एम.२ खाच. चालू काम बाहेरच्या एसएसडीवर. झालेलं काम दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कलाकाराचा प्रयोग पुन्हा तसा होत नसतो, म्हणून दोन प्रतींच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

साध्या हार्ड डिस्कवरून संपादन का नको, असं विचारतात. सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी तर तीही देते आणि लागतात फक्त १२.५. पण हा वेग सलग वाचतानाचा आहे. दोन कॅमेऱ्यांच्या फाइली, आवाजाची वेगळी फाइल आणि कॅश एकाच वेळी मागितली की तिचा काटा नुसता इकडून तिकडे धावत बसतो आणि टाइमलाइन गोठते. एसएसडीला धावायचं नसतं.

बाहेरची एसएसडी १० जीबीपीएसची असली तरी लॅपटॉपचं भोक तेवढं वेगवान हवं. टाइप-सी ची सगळी भोकं दिसायला सारखी असतात, आतून कुठलं ५ चं, कुठलं १० चं, कुठलं थंडरबोल्ट ४ म्हणजे ४० चं असतं. तपशीलपत्रात प्रत्येक भोकाचा वेग शोधून काढा.

कार्ड रीडरचंही तसंच. नव्या पातळ लॅपटॉपांतून एसडी खाच नाहीशी होत चालली आहे. २२५ जीबी उतरवायला सेकंदाला ९० एमबी देणाऱ्या रीडरला पाऊण तास पुरतो. जुन्या यूएसबी २ च्या रीडरने पावणेदोन तासांहून जास्त जातात. पहाटे घरी येऊन सकाळी शाळा गाठायची असते तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

पडदा

वेग कमी असला तर वेळ जातो, एवढंच. पडदा खोटा असेल तर कामच बिघडतं. स्वस्त आणि मध्यम लॅपटॉपांच्या तपशिलात ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ हा पडदा नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण दोन-तृतीयांशच दाखवू शकतो. लाल, भगवा, सोनेरी मळकट दिसतात. दशावतारात तर सगळा खेळच लाल-सोनेरीचा. किरीट, भरजरी शेला, कपाळावरचा टिळा. पडद्यावर ते फिकट दिसलं की हात आपोआप रंग वाढवण्याकडे जातो, आणि मग तोच व्हिडिओ चांगल्या टीव्हीवर लावला की राजाचा चेहरा शेंदरासारखा दिसतो.

काळ्याचंही असंच. संकासुराचे काळे कपडे आणि मागचा काळोख यांच्यात वाईट पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, म्हणून आपण सावल्या उजळवतो आणि चित्र राखाडी होतं.

तपशिलात १०० टक्के एसआरजीबी आणि किमान ३०० निट (पडद्याच्या उजेडाचं माप) हवं. पडद्याचे १४४ किंवा १६५ हर्ट्झ आपल्या २५ फ्रेमच्या कामाला काही देत नाहीत. १६:१० चा पडदा मिळाला तर घ्या, खाली टाइमलाइनला दोन बोटं जास्त जागा मिळते. ओलेड सुंदर असतो, फक्त सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड निवडा, नाहीतर तो रंग वाढवून दाखवतो. एकाच मालिकेच्या नावाखाली कंपन्या दोन-तीन वेगळे पडदे बसवतात, म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन त्याचाच पडदा शोधा. लॅपटॉपमध्ये चांगला पडदा बजेटबाहेर जात असेल तर बाहेरचा १०० टक्के एसआरजीबीचा आयपीएस मॉनिटर घ्या. घरीच बसून काम करणाऱ्याला ही वाट जास्त परवडते.

सॉफ्टवेअर आधी, आणि त्यात मराठी

सॉफ्टवेअर ठरल्याशिवाय मशीन ठरत नाही. रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर फार अवलंबून आहे. प्रीमियर दर महिन्याला पैसे मागतं. केडेनलाइव्ह आणि शॉटकट फुकट, मुक्त आणि हलकी आहेत. साध्या मशीनवर सुरुवात करणाऱ्याला मी शॉटकट सांगते. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट देते, हौशी माणसाला ती पुष्कळ झाली. पण लिनक्सवर ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही. विंडोजवरही फुकट आणि स्टुडिओ आवृत्तीत कोडेकांच्या बाबतीत फरक आहे. ब्लॅकमॅजिक डिझाइन ही कंपनी चालणाऱ्या कोडेकांची यादी देते. तुमचा कागद त्या यादीशी ताडून पाहा.

मराठी नामावली करणार असाल तर अजून एक परीक्षा आहे. सॉफ्टवेअरच्या टायटलमध्ये हे शब्द लिहून पाहा: लक्ष्मी, रुक्मिणी, ज्ञानेश्वर, कृष्णार्जुन, दुसऱ्या, वऱ्हाड. पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, रफार सुटा पडला किंवा ऱ्या मोडला तर ती टायटल पद्धत आपल्या कामाची नाही. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं, मग अक्षरं नीट बसतात. इतर ठिकाणी अडलं तर इंकस्केप या फुकट चित्रांच्या प्रोग्राममध्ये नामावली करून पारदर्शक पीएनजी टाकायची. फॉन्ट म्हणून मुक्त किंवा बलू वापरा, दोन्ही मोफत आहेत आणि पडद्यावर ठसठशीत दिसतात. कलाकाराचं नाव मोडक्या जोडाक्षरांत दाखवणं मला सहन होत नाही.

मॅक घ्यावा का?

एक लाखाच्या आसपास बजेट असेल, कार्डाचे जड परिणाम नको असतील आणि खेळ खेळायचे नसतील, तर होय, विचार जरूर करा. मार्च २०२५ मध्ये आलेला एम४ मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांपासून होता, १६ जीबी मेमरीसह. ४:२:२ ची फाइल तो सहज खेळवतो, बॅटरीवरही तेवढ्याच वेगाने, आणि आवाज करत नाही. एअरला पंखाच नाही. म्हणूनच तासभराच्या एक्सपोर्टमध्ये तो तापतो आणि वेग कमी करतो. दहा-पंधरा मिनिटांच्या व्हिडिओंना याने काही बिघडत नाही.

मोठी अडचण वाढवण्याची. मेमरी आणि डिस्क दोन्ही पक्क्या बसवलेल्या, पुढे काही बदलता येत नाही, आणि कंपनीकडून जास्त डिस्क घेणं महाग पडतं. २५६ जीबीचा घेत असाल तर बाहेरची १ टीबी एसएसडी त्याच दिवशी घ्या. वापरलेला एम१ एअर स्वस्तात मिळत असेल तर फोनच्या १०८० च्या कामासाठी तो आजही चांगला आहे. सिस्टिम रिपोर्टमध्ये बॅटरीची सायकल संख्या पाहा, ॲपल या बॅटरीला १००० सायकलींची मर्यादा देतं.

वीज, ऊन, दमट हवा

कार्ड असलेले विंडोज लॅपटॉप बॅटरीवर कार्डाचा जोर बराच उतरवतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते, म्हणून एक्सपोर्ट इन्व्हर्टरवरच चालू असलेला बरा. चार्जर १८० ते २३० वॉटचा असतो. घरातला इन्व्हर्टर तेवढा भार आणि पंखे-दिवे एकत्र पेलतो का, हे आधी मोजा. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर उन्हाळ्याचा विचार करा. खोली ४० अंशांवर असेल तर लॅपटॉप स्वतःला थंड करू शकत नाही आणि वेग पाडतो. तिथे दोन पंख्यांचं जाड मशीन पातळ मशीनपेक्षा चांगलं. किनाऱ्यावरच्यांनी लॅपटॉप बॅगेत बंद करून महिनाभर ठेवू नये, आठवड्यातून एकदा चालू करावा.

घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी घ्या, आणि ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का ते कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून खात्री करा. दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. पुण्या-मुंबईत हा प्रश्न नसतो, तालुक्याच्या गावी असतो.

दुकानात आणि पहिल्या आठवड्यात

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा मॉलमध्ये, जाताना पेन ड्राइव्हवर तुमची ती फाइल न्या. डेमो मशीनवर सॉफ्टवेअर टाकू देणार नाहीत, पण फाइल प्लेयरमध्ये चालवू देतात. फाइल चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि व्हिडिओ डिकोडचा आलेख पाहा. तो वर गेला आणि प्रोसेसरचा आलेख शांत राहिला तर डिकोडरला फाइल येते. उलट झालं, प्रोसेसर वर चढला आणि डिकोड शून्यावर राहिला, तर शंका घ्या आणि दुसरा प्लेयर लावून पुन्हा पाहा. पडदा तपासायला लाल-सोनेरी रंगांचा एक फोटो न्या आणि शेजारी फोनवर तोच फोटो धरा.

ऑनलाइन घेत असाल तर परत देण्याची मुदत वाचून ठेवा आणि तेवढ्यात खरं काम करून पाहा. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून फाइली उतरवा. दोन कॅमेरे एकमेकांखाली लावून मल्टिकॅम करा. वापरणार तेच परिणाम टाका. मग वीस मिनिटांचा एक्सपोर्ट सलग दोनदा लावा, दुसऱ्यांदा बराच जास्त वेळ लागला तर मशीन तापून दमतंय. यूट्यूबसाठी १०८० ला ८ एमबीपीएस पुरतात, म्हणजे तासाला ३.६ जीबी. गावातल्या इंटरनेटवर चढवायला हाच आकडा सोयीचा पडतो, म्हणून परीक्षाही त्याच सेटिंगवर घ्या. पंख्याचा आवाज ऐका, कारण तुम्ही त्याच खोलीत बसून पेटीचा सूर जुळवणार आहात. हेडफोनच्या भोकातून खरखर येत नाही ना ते पाहा. मराठी नामावली टाका. यातलं काही अडलं तर मुदत संपायच्या आत परत करा. सगळं ठीक निघालं तर बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.